वाद्याचं पोट

ताईच्या छातीत काय शिरलं आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आपला त्यात हात नाही हे सांगायला मात्र सगळे एका पायावर तयार होते.

नातेवाइकांसाठी राखलेली ती खोली लांबट आणि चिंचोळी होती. भिंतीला जखडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात गुरगुरणारं पाण्याचं यंत्र आणि एकच खिडकी, तीही न उघडणारी. काचेपलीकडे इस्पितळाच्या मागच्या अंगणात धुवायच्या चादरींच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. धाकटा खिडकीजवळ बसला होता. माणसांच्या घोळक्यात त्याला नेहमी कडेची जागा लागे. घरात त्याला ‘मुक्या’ म्हणत. त्याला बोलता येत नव्हतं असं नव्हे. त्याची पाळी येईपर्यंत बोलणं संपलेलं असे. आजोबांपासून ज्या घरातली माणसं पितळी वाद्यं फुंकत आली, त्या घरात ड्रम बडवणारा हा एकटाच. “याच्या फुप्फुसांचा उपयोग काय, तर उसासे टाकणं,” असं ताई चारचौघांत म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

तीच ताई आता दोन दारांपलीकडे, ऑक्सिजनच्या नळीला बांधलेली, एकेका श्वासासाठी झगडत होती. आणि तिच्या पोटात गेली तीन वर्षं त्याचीच किडनी काम करत होती.

“मी पुन्हा विचारते,” फुप्फुसांच्या डॉक्टर म्हणाल्या. बाई ठेंगण्या होत्या, पण आवाज असा की खोलीतली कुजबुज आपोआप आवरती घेतली जाई. “घरात पक्षी आहेत? ओल धरलेली भिंत? खतमाती, कुजका पाला? शेजारी कुठे तोडफोड, बांधकाम?”

“छे हो,” आई म्हणाली. “घर आरशासारखं ठेवते मी. तिच्या खोलीत तर आम्ही पाय धुऊन जातो. आणि ताप नव्हता डॉक्टर, एक दिवस नव्हता. ताप नाही म्हटल्यावर मी निर्धास्त होते.”

“तिथेच तर गंमत आहे, आई. किडनी टिकावी म्हणून गोळ्या देऊन आपण त्यांच्या शरीराचे पहारेकरी झोपवून ठेवलेत. चोर शिरला तरी आरडाओरडा करणार कोण? ताप येत नाही, कफ पडत नाही. नुसता दम लागतो, आणि तो लागेपर्यंत चोर माजघरात पोचलेला असतो.” मग त्यांची नजर मास्तरांच्या पितळी बटणांवर गेली. “तुमचं बँडचं घर ना? त्या वाजवतात अजून?”

“पूर्वी,” मास्तर म्हणाले. “आता साफ बंद.”

धाकट्याने मान वर केली. मास्तर म्हणजे त्याचे सख्खे काका, बँडचे प्रमुख. वडील गेल्यापासून घराचेही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेले दाजी, ताईचे यजमान, पुढे झुकले. पेशाने शिंपी, बँडचे गणवेश शिवता शिवता या घराचे जावई झालेले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, पण आईने पदराआडून त्यांच्या हातावर हात ठेवला.

“ऐका तर मग,” डॉक्टर म्हणाल्या. “अँटिबायोटिकला दाद मिळत नाही. स्कॅनमध्ये गाठी दिसतायत. बुरशी असेल, क्षय असेल, आणखी काही असेल. दुर्बिणीनं फुप्फुस आतून धुवायचं आणि ते पाणी तपासायचं, ते मी करणारच आहे. पण त्यांचा ऑक्सिजन इतका कमी असताना त्यात धोका आहे, आणि उत्तर यायला वेळ लागेल. बुरशीचं औषध आज सुरू करता येईल. अडचण अशी, की ते औषध आणि किडनीची गोळी यांचं पटत नाही. एकीला घरात घेतलं की दुसरीला अगदी थोडी जागा उरते. अंदाज चुकला तर किडनी जाईल. सबळ कारणाशिवाय मी ते करणार नाही. काही आठवलं तर लगेच सांगा.”

त्या गेल्या आणि दार आपोआप, हळूहळू, मिटलं. 

“पूर्वी?” दाजी म्हणाले. “मास्तर, मागच्या आठवड्यापर्यंत ती रोज संध्याकाळी भोंगा मांडीवर घेऊन बसत होती. भोंगा तिच्या खोलीत आणून ठेवला कोणी? तुम्ही. आणि आता ‘पूर्वी’?”

‘भोंगा’ म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं वाद्य. वेटोळ्यांच्या नळ्यांचा, मांडीभर पसरणारा, ज्याच्या तोंडात लहान मूल बसेल असा. आजोबांनी घेतलेला. आजोबांनंतर वडिलांनी वाजवला आणि वडिलांनंतर ताईने. दुसऱ्या कोणाच्या ओठांना तो दाद देत नसे.

“तिनंच मागितला,” मास्तर म्हणाले. “‘काका, छातीत घुसमट होते, भोंगा आणा.’ मी नाही म्हणू? आणि फुंकण्याचा खोकल्याशी काय संबंध? उलट फुंकल्यानं छाती मोकळी होते. माझ्या बापानं शेवटच्या आजारपणातही फुंकला.”

“म्हणूनच शेवटचं ठरलं असेल ते,” दाजी म्हणाले.

“जावईबापू, तोंड सांभाळा!”

“अहो, भांडता काय?” आई दोघांच्या मध्ये आली. “तिनंच मला शपथ घातली होती. डॉक्टरांना कळलं तर भोंगा बंद करतील म्हणाली. भाऊजी खोटं बोलले ते तिच्याचसाठी बोलले.”

“भोंग्याच्या आत...” धाकटा म्हणाला.

“तिच्यासाठी की बँडसाठी?” दाजी उसळले. “भोंगा नसला की तुमचा बँड पोकळ वाजतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे!”

“आत मी...”

“बँड पोकळ वाजला तर तुमच्या गणवेशांना काय सोन्याची बटणं लागणार आहेत?”

“आई, मी काही सांगतोय.”

त्याचा आवाज मोठा नव्हता. पण ‘आई’ हा शब्द असा काही आला, की तिघेही वळून बघू लागले.  

“भोंग्याची सरकनळी अडकली होती ना, ती मी ओढून काढली होती. आत बोट घातलं. बोटाला हिरवट काळं लागलं. बुळबुळीत. वास तळघरासारखा. मी तेव्हाच काकांना सांगितलं होतं.”

“आणि मी तेव्हाच तुला उत्तर दिलं होतं,” मास्तर म्हणाले. “वाद्याचं पोट धुवायचं नाही. बाहेरून घासा, पुसा, तोंड दिसेल इतकं चकचकीत करा. पण आत पाणी जाता कामा नये. आतला थर म्हणजे वाद्याचा गळा. तो गेला की आवाज कोरडा पडतो. माझ्या बापानं ही शिस्त घालून दिली आणि त्याचा बँड मेला नाही.”

“बँड नाही मेला,” धाकटा म्हणाला.

 घरात आजवर हे बोलणं कोणी केलं नव्हतं, आणि मुक्याने तर नक्कीच नाही.

“तू बडव,” मास्तर म्हणाले. “फुंकणाऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस.”

“आज पडणार.” तो उठला.  “दाजी, तुमच्या खोलीची किल्ली द्या.”

“मुक्या, खाली बस!” आई म्हणाली. “तिनं शपथ घातलीये...”

“तिला म्हणावं, शपथ मोडल्याबद्दल मला मार. मारायला उठली तर मला हवंच आहे.”

दाजींनी किल्ली आधीच काढून धरली होती.

*

ताईच्या खोलीत तो नाकातोंडाला मास्क बांधून शिरला. पलंगावरची चादर अजून तशीच होती, एका बाजूला ओढली गेलेली. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा तिने ती मुठीत धरली असावी. भोंगा खिडकीखाली पालथा होता. पितळेवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि तो इतका देखणा दिसत होता, की धाकट्याला त्याचा राग धरणं कठीण गेलं. याच वाद्याच्या खोल, संथ सुराखाली तो लहानपणी झोपी जायचा. वडील अंगणात सराव करत. घराच्या भिंती हलक्याशा थरथरत. आणि त्या थरथरीतच सुरक्षित वाटे. प्रेमाने जपलेल्या गोष्टीच्या पोटात काय साचत जातं हे जपणाऱ्यांना कधीच का दिसत नाही, असं त्याच्या मनात आलं; पण विचार करत बसायची ही वेळ नव्हती. त्याने नळी ओढून काढली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि गाठ मारली.

इस्पितळाच्या लांबलचक बोळात त्याने डॉक्टरांना गाठलं. “आठवलं तर सांगा म्हणालात,” तो म्हणाला आणि पिशवीची गाठ सोडायला लागला.

“थांबा! उघडू नका!” बाई दोन पावलं मागे सरल्या. “या मजल्यावरचा प्रत्येक पेशंट तुमच्या बहिणीसारखा आहे. इथे नाही! काय आहे त्यात?”

“भोंग्याची नळी. ताई वाजवते ती.”

“‘पूर्वी’ वाजवायच्या म्हणाले ते.”

“खोटं होतं ते. रोज वाजवायची. गेले सहा महिने.”

बाईंनी पिशवी दोन बोटांत धरून उजेडासमोर नेली. प्लॅस्टिकमधूनही नळीच्या तोंडाशी जमलेली शेवाळी कड दिसत होती. “आतून शेवटचं कधी धुतलं होतं?”

“आजोबांनी विकत घेतलं तेव्हा दुकानदारानं धुतलं असेल तर.”

डॉक्टर बोळातल्या बाकावर बसल्या. 

“वाजवताना माणूस मध्येच श्वास घेतो तेव्हा तोंड वाद्याला लागलेलंच असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “धडधाकट माणसाला कदाचित काही झालंही नसतं. त्यांच्या शरीराला मात्र... बघा, याच नळीतली बुरशी त्यांच्या छातीत आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते तपासणीच सांगेल. पण अंधारात तीर मारायचा तर आता निदान दिशा आहे. मी आजच औषध सुरू करायचं म्हणते. मात्र किडनीचं काय होईल ते तुम्हा सगळ्यांना समजावून सांगते, आणि ठरवणार त्या.”

*

काचेच्या खोलीत एरवी एकालाच सोडत. ताईने हातवारे करून, नर्सशी हुज्जत घालून, चौघांनाही बोलावून घेतलं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. नुसते डोळे दिसत होते, आणि नुसत्या डोळ्यांत या घरातली माणसं एकमेकांसारखी किती दिसतात हे धाकट्याच्या प्रथमच लक्षात आलं.

डॉक्टरांनी सांगितलं. ताई ऐकत होती. चेहरा ओढलेला, ओठांच्या कडा जांभळट. पण भुवया तशाच, भांडायला तयार.

“हे औषध नको,” मास्तर सगळ्यांआधी बोलले. “पोरानं पोट चिरून दिलेली किडनी आहे. ती अशी पणाला लावायची? एका नळीतल्या मळावर विश्वास ठेवून? तपासणी येईपर्यंत थांबू.”

“मलाही तेच वाटतं गं,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “त्याच्या पोटावरचा तो वण... मी रोज बघते. एका लेकरानं दिलेलं दुसऱ्याकडून वाया जायला नको. थोडं थांबू.”

 दाजी धाकट्याकडे बघत होते. सगळेच धाकट्याकडे बघू लागले. जणू त्या काचेच्या खोलीत निजलेली बाई नव्हे, तोच आजारी होता.

“ती मी दिली,” धाकटा म्हणाला. शब्द चाचपडत आले, पण आले. “दिली म्हणजे दिली. उसनी नव्हती. माझं नाव पुढे करून तिला कोणी अडवायचं नाही. माझा त्याग म्हणे! मला त्याग बिग काही करायचा नव्हता. मला ताई पाहिजे होती.”

 मग ताईने मास्क हनुवटीवर ओढला. नर्स पुढे धावली. ताईने डोळ्यांनीच तिला थांबवलं.

“काका,” ती म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला थांबावं लागत होतं, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द ठोकून बसवल्यासारखा येत होता. “मी मेले... तर किडनीचं काय कराल? फोटोला... हार घालता, तशी टांगाल?”

“अगं, अभद्र बोलू नकोस!” आई कळवळली.

“अभद्र काय? विचारतेय.” तिला धाप लागली. डोळे मिटले, उघडले. “नळीचं कोणी सांगितलं?”

“मी,” धाकटा म्हणाला.

“शपथ मोडलीस.”

“मोडली.”

“बोलला म्हणजे!” ती म्हणाली, आणि ओठांत न मावणारं ते जुनं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं, लगेच खोकल्याने ते मोडून काढलं. खोकला ओसरेपर्यंत दाजींनी तिची पाठ धरून ठेवली. “डॉक्टर, सुरू करा. किडनी गेली तर... पुन्हा मशीनवर जाईन. आधी पाच वर्षं होतेच की. छाती नसली तर कुठे जाऊ? आणि ती दुर्बीण का काय... तीही घाला. घाबरत नाही मी नळ्यांना. जन्म गेला नळ्यांत.”

“घरी परतायचं असेल तर एक अट आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “घरातलं प्रत्येक वाद्य आतून स्वच्छ हवं. एकही सुटता कामा नये. उघड्यावर धुवायचं, तोंड बांधून, आणि नळ्या पूर्ण वाळवायच्या. तोवर मी यांना तिथे पाठवणार नाही.”

“ऐकलंत?” ताई मास्तरांना म्हणाली. “भोंगा विकायचा नाही. धुवायचा.”

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ताईसाठी होतं की भोंग्यासाठी, हे धाकट्याला कळलं नाही; कदाचित त्यांनाही कळलं नसेल.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या बाटलीतले पहिले थेंब ताईच्या शिरेत जाऊन बरेच तास झाले होते. दुर्बीण आत जाऊन सुखरूप बाहेर आली होती. किडनीचा आकडा थोडा चढला होता, म्हणजे तिला थोडी झळ लागली होती. छातीचं अजून काहीच कळत नव्हतं. दाजी इस्पितळात थांबले आणि धाकटा घरामागच्या फरसबंद चौकात आला. दगडी हौदाला त्याने रबरी नळी जोडली, तोंडाला मास्क बांधला आणि भोंगा उचलून आणला.

मास्तर पायरीवर उभे होते.

“कसला अहवाल आलाय का?”

“नाही.”

“मग घाई कसली? ती घरी येते का ते आधी बघू. मग धुऊ.”

“नाही,” धाकटा म्हणाला. “आधी धुवायचं.”

“आणि आवाज गेला तर?”

“गेला तर गेला. तिला घरी यायचंय, आणि घर तयार नाही, असं होता कामा नये. ती येणार म्हणून धुतोय मी. ‘आली तर’ म्हणून नाही.”

त्याने पाणी सोडलं. भोंग्याच्या वेटोळ्यांतून ते घुसमटत, अडखळत फिरलं. आणि रुंद तोंडातून पहिली गुळणी बाहेर पडली तेव्हा फरशीवर काळा, हिरवा, चिकट ओघळ पसरला. ते पाहून मास्तर एक पाऊल मागे सरले. आजवरची सगळी उद्घाटनं, सगळ्या मिरवणुका, सगळ्या अंत्ययात्रा त्या ओघळात होत्या. आजोबांचा श्वास होता, वडिलांचा होता, ताईचाही होता. धाकट्याचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. लांब दांड्याचा ब्रश त्याने नळीत घातला आणि रेटला.

कुंपणाचं फाटक वाजलं. क्लॅरिनेट वाजवणारी चुलत बहीण आली. मास्तरांची सख्खी मुलगी. हातात पेटी होती. वडिलांकडे न बघता ती हौदाशी बसली आणि क्लॅरिनेटचे तुकडे सोडवू लागली.

“तूसुद्धा?” मास्तर म्हणाले.

“क्लॅरिनेट लाकडी आहे, पाण्यात घालायचं नाही, पुसून काढते,” ती म्हणाली. “आणि बाबा, मलाही खोकला आहे. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही.”

मग बँडमधला युफोनियमवाला आला. मागून ट्रॉम्बोनवाले दोघे भाऊ आले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. बातमी कोणी पोचवली ते कोणी विचारलं नाही. चौकात पाणीच पाणी झालं, कोणी नाक मुरडलं, कोणी “अरे देवा, हे मी तोंडाला लावत होतो?” म्हणून ओकारी काढली, आणि हसू फुटलं. पितळेच्या नळ्या दोरीवर कपड्यांसारख्या वाळत पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटा सगळ्यांच्या मधोमध उभा होता आणि त्याला कडेची जागा आठवली नाही.

मास्तर तेवढे पायरीवर राहिले. मग वळून ते घरात गेले. दार लावल्याचा आवाज आला नाही, कारण दारातून त्याच वेळी आई बाहेर येत होती. इस्पितळातून ती थेट इकडे आली होती, पुढच्या दाराने. पदर खोचलेला, तोंडाला मास्क, आणि हातात मास्तरांचं छोटं पितळी कॉर्नेट. खुंटीवरून काढून आणलेलं, ज्याला त्यांच्याखेरीज कोणी हात लावत नसे.

मास्तर तिच्या मागोमाग धावत आले.

“वहिनी! ते माझं आहे!”

आई हौदाशी पोचली होती. बाकी सगळी वाद्यं साफ झाली होती. धाकट्याने नळीचं तोंड तिच्याकडे केलं.

“माहीत आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “म्हणूनच सगळ्यांत शेवटी आणलं. आता बाजूला व्हा, पाणी उडेल.”